निकाल देण्याआधी प्रश्नावली वाचा

घरोघरच्या सर्वेक्षणांवरून सरकारी मदतीच्या योजनांचे परिणाम मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना, संशोधकांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना खुलं पत्र

मित्रहो,

अमेरिकेतल्या १९९६च्या वेल्फेअर सुधारणेवर प्रबंध लिहिणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तिथल्या जनगणना विभागाच्या घरोघरच्या 'करंट पॉप्युलेशन सर्व्हे'ची, म्हणजे सीपीएसची, वर्षानुवर्षांची माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. एकल मातांचा एक गट घ्यायचा, मुलं नसलेल्या एकट्या स्त्रियांचा दुसरा. कायद्याआधीची वर्षं एकीकडे, नंतरची दुसरीकडे. दोन्ही गटांतल्या आधी-नंतरच्या फरकांमधला फरक काढला की तक्ता तयार. गुणांकाशेजारी, म्हणजे त्या फरकाच्या आकड्याशेजारी, दोन-तीन तारे (आकडा निव्वळ योगायोगाचा नसावा याची खूण) उमटले की निष्कर्षाचं वाक्य आपोआप सुचतं: 'सुधारणेमुळे रोजगार वाढला.' किंवा, ज्याचा कल दुसरीकडे असेल त्याला, 'सुधारणेमुळे अतिगरिबी वाढली.' असे मसुदे माझ्याकडे वाचायला येत असतात. गणित बहुतेक वेळा बरोबर असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तक्त्याखालच्या एका ओळीबद्दल. तिथे लिहिलेलं असतं 'स्रोत: सीपीएस', आणि त्यापुढे अख्ख्या प्रबंधात त्या स्रोताविषयी एक अक्षर नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या कायद्याने गरीब कुटुंबांचं जगणं बदललं, आणि त्याच वेळी ती कुटुंबं सर्वेक्षणात कशी दिसतात तेही बदललं. मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकदमच हलली. अशा वेळी आधीच्यातून नंतरचं वजा केलं की चूक कटून जात नाही. ती उत्तरातच जाऊन बसते, आणि तुम्ही तिला 'परिणाम' म्हणून छापता.

पार्श्वभूमी तुम्हाला पाठ असेल, तरी दोन ओळी. २२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. मुलं असलेल्या गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी, १९३५पासून चालत आलेली योजना (शेवटी तिचं नाव एएफडीसी होतं) गुंडाळली गेली आणि तिच्या जागी टॅनफ ही नवी योजना आली. पात्र ठरलात की मदत मिळणारच, हा हक्क संपला. राज्यांना वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरची ठोक रक्कम ठरवून देण्यात आली, महागाई वाढली तरी ती न वाढणारी. संघराज्याच्या पैशातून एका कुटुंबाला आयुष्यात ६० महिन्यांपर्यंतच मदत, आणि काम करण्याची अट. १९९४च्या सुमारास सुमारे ५० लाख कुटुंबं ही मदत घेत होती; २०००पर्यंत ती निम्म्याहून कमी उरली.

याच वर्षांत आणखी काय काय घडलं, हे तुमच्या दुसऱ्या प्रकरणात असतंच. १९९३मध्ये कमावत्या गरिबांना मिळणारी करसवलत, ईआयटीसी, भरपूर वाढवली गेली. किमान वेतन १९९६मध्ये ताशी ४.७५ डॉलर आणि १९९७मध्ये ५.१५ डॉलर झालं. बेरोजगारी घसरत घसरत २०००मध्ये ४ टक्क्यांवर आली. ब्रूस मेयर आणि डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञांनी २००१मध्ये दाखवलं की १९८४ ते १९९६ या काळात एकल मातांच्या रोजगारात जी वाढ झाली, तिच्यातला ६० टक्क्यांहून अधिक वाटा ईआयटीसी आणि इतर करबदलांचा होता. त्यात १९९६आधी बऱ्याच राज्यांनी सूट मागून आपापले प्रयोग सुरू केले होते, आणि कायद्यानंतर सगळीच राज्यं दीडेक वर्षाच्या आत नव्या योजनेत आली. म्हणजे तुलनेला मागे राहिलेलं राज्यच नाही. हे सगळं तुम्ही लिहिता, चांगलं लिहिता. त्यामुळे त्यात शिरत नाही. मला त्याआधीच्या पायरीबद्दल बोलायचं आहे, जिथे कुणीतरी कुणाला तरी प्रश्न विचारतं.

सीपीएसमध्ये उत्पन्नाचे तपशीलवार प्रश्न मुख्यतः मार्चच्या फेरीत येतात आणि ते मागच्या अख्ख्या कॅलेंडर वर्षाबद्दल असतात. घरातली एक प्रौढ व्यक्ती बहुतेक वेळा सगळ्यांच्या वतीने उत्तरं देते. आता कल्पना करा: आईला मिळालेली मदत मुलगी सांगते आहे, तीही चौदा महिन्यांपूर्वी सुरू होऊन दहा महिन्यांपूर्वी थांबलेली. कायद्याआधी या मदतीची ओळख देशभर साधारण एकच होती. कायद्यानंतर राज्याराज्यात वेगळी नावं आली: विस्कॉन्सिनमध्ये 'विस्कॉन्सिन वर्क्स', कॅलिफोर्नियात 'कॅलवर्क्स'. प्रश्नात राज्यागणिक नाव घालावं लागलं. शिवाय पैशाचं रूपही बदललं. १९९७मध्ये या योजनेच्या खर्चातले सुमारे ७० टक्के रोख मदतीवर जात. अलीकडच्या वर्षांत हा वाटा जेमतेम पाव उरला आहे. बाकीचे पाळणाघर, प्रवास, कामाची तयारी, करसवलती आणि राज्यांनी त्या नावाखाली घातलेल्या इतर खर्चांकडे वळले. पाळणाघराचं बिल परस्पर चुकतं झालेली बाई 'तुम्हाला रोख मदत मिळाली का?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. तुमच्या फाइलमध्ये मात्र ती योजनेबाहेर पडलेली असते.

आणि ज्यांना रोख मिळालीच, त्यांतलेही कितीतरी जण 'नाही' सांगतात. मेयर आणि निकोलस मिटाग यांनी न्यूयॉर्क राज्यातली सीपीएसची उत्तरं राज्याच्या कार्यालयीन नोंदींशी जोडून पाहिली. अन्नसाहाय्य घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के सर्वेक्षणात दिसतच नव्हते. घरासाठी मदत घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त गायब. टॅनफ आणि राज्याची सर्वसाधारण मदत घेणाऱ्यांपैकी तर ६० टक्के. हे लोक खोटारडे आहेत असं समजू नका. काहींना योजनेचं नाव माहीत नसतं, काहींना लाज वाटते, काहींना मुलाखत लवकर संपवायची असते.

'पण ही चूक आधीही होती आणि नंतरही आहे, वजाबाकीत निघून जाईल,' हे मला दर वेळी ऐकावं लागतं. निघून कधी जाईल? चूक दोन्ही काळांत सारखी असेल तेव्हाच. समजावण्यापुरते आकडे घेऊ. आधी १०० कुटुंबांना मदत मिळत होती, त्यातल्या ८०नी सर्वेक्षणात 'हो' म्हटलं. नंतर खरोखर ७० कुटुंबांना मिळते आहे, पण 'हो' म्हणणारे त्यातले ६० टक्केच, म्हणजे ४२. खरी घट ३० टक्के. तुमच्या तक्त्यातली घट ८०वरून ४२, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. एवढ्यावर थांबत नाही. मदत घेणारी पण न सांगणारी ती २८ कुटुंबं तुमच्या फाइलमध्ये 'मदतही नाही, उत्पन्नही नाही' या रकान्यात जाऊन बसतात आणि पुढच्या प्रकरणात अतिगरिबीचा आकडा फुगवतात. एकच चूक दोन निष्कर्षांना पुरते, आणि गंमत म्हणजे ते दोन निष्कर्ष राजकारणातल्या दोन विरुद्ध बाजूंना आवडणारे असतात.

उत्तरच न मिळालेल्या रकान्यांची गोष्ट वेगळी. ते रिकामे ठेवत नाहीत. वय, शिक्षण, कुटुंबाचा प्रकार अशा काही बाबतींत मिळतंजुळतं दुसरं घर शोधतात आणि त्याचं उत्तर इथे भरतात. या पद्धतीला 'हॉट डेक' म्हणतात; नाव पंच कार्डांच्या जमान्यातलं आहे. पद्धत वाईट नाही, सरासरीसाठी ठीक चालते. पण हे दुसरं घर, म्हणजे उत्तराचा दाता, निवडताना राज्य पाहिलेलं नसेल, तर कडक नियमांच्या राज्यातल्या बाईच्या रकान्यात सैल नियमांच्या राज्यातल्या बाईचं उत्तर येऊन बसतं, आणि तुम्ही नेमका राज्याराज्यांतला फरकच मोजायला निघालेले असता. भरलेल्या प्रत्येक उत्तराशेजारी तशी खूण फाइलमध्ये दिलेली असते. ती खूण असलेला स्तंभ किती जण उघडून पाहतात? बहुतेकांच्या प्रोग्रॅममध्ये तो पहिल्याच ओळीत उडवलेला असतो.

बरं, यासाठीच तर दुसरं सर्वेक्षण आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. 'सर्व्हे ऑफ इन्कम अँड प्रोग्रॅम पार्टिसिपेशन', म्हणजे सिप, १९८३पासून याच कामासाठी चालतं. १९९६च्या त्याच्या पॅनेलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा भेटायच्या ठरलेल्या गटात, सुरुवातीला सुमारे ४०,००० घरं होती आणि दर चार महिन्यांनी, चार वर्षं, त्यांच्याकडे माणसं जात राहिली. पत्ता बदलला तरी माणसाचा पाठलाग करायचा हा नियम. सीपीएसचा तसा नाही. तिथे पत्ता निवडलेला असतो, माणूस गेला की त्या दारामागे राहायला येणाऱ्याला विचारतात.

सिपची अडचण बारकाईने पाहण्यासारखी आहे. समजा एका बाईची मदत मे महिन्यात थांबली. मुलाखत जुलैच्या सुरुवातीला, मार्च ते जून या चार महिन्यांबद्दल. ती सांगते 'आता नाही मिळत', आणि चारही महिन्यांत 'नाही' पडतं. त्याआधीच्या मुलाखतीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी 'हो' होतं. फाइल सांगते की मदत फेब्रुवारीअखेर थांबली. प्रत्यक्षात मार्च आणि एप्रिलमध्येही मिळाली होती. असे बदल दोन मुलाखतींच्या सांध्यावर साचत जातात. आता तिला एप्रिलमध्ये काम लागलं असेल आणि तेही असंच मार्चपासून नोंदलं गेलं असेल, तर काम आधी लागलं की मदत आधी बंद झाली, हे त्या फाइलमधून कळायला मार्गच उरत नाही. दोन्ही एकाच सांध्यावर, एकाच तारखेला. सुधारणेबद्दलचा सगळा वाद मात्र नेमका याच क्रमावर उभा आहे: बाई कामाला लागली म्हणून बाहेर पडली, की बाहेर काढली गेली म्हणून मिळेल त्या कामाला लागली? २०१४पासून सिपची मुलाखत वर्षातून एकदाच होते, घटनांच्या दिनदर्शिकेच्या आधाराने. म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडतानाही तिथे एक गाठ आहे.

तिसरा प्रयत्न खुद्द कायद्यानेच केला होता, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९९६च्या कायद्यातच एक कलम असं होतं की जनगणना विभागाने १९९२ आणि १९९३च्या सिप पॅनेलमधल्या कुटुंबांकडे पुन्हा जावं, पुढची काही वर्षं जात राहावं, आणि त्यासाठी वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत. त्यातून 'सर्व्हे ऑफ प्रोग्रॅम डायनॅमिक्स' उभं राहिलं. कल्पना उत्तम होती. तीच कुटुंबं कायद्याआधीही आणि नंतरही, याहून चांगलं काय हवं? पण १९९८पर्यंत मूळ नमुन्यातली साधारण निम्मीच घरं उरली होती. गळती सगळीकडे सारखी झाली असती तर निभावलं असतं. घर वारंवार बदलणारी, टेलिफोन तुटलेली, नातेवाइकांकडे तात्पुरती राहिलेली कुटुंबं अशा पाठलागातून आधी निसटतात, आणि मदत थांबल्याचा फटका ज्यांना बसण्याची शक्यता जास्त, त्यांत हीच असतात. भारांक लावून, म्हणजे उरलेल्या घरांना कमीजास्त वजन देऊन, तुम्ही वय, वंश, शिक्षण जुळवाल. पत्ता हरवण्याचं कारणच तुमच्या अभ्यासाचा विषय असेल तर भारांक काय करणार?

'घर' या एककाबद्दलही थोडं सांगायला हवं. मदत बंद झाल्यावर एखादी आई दोन मुलांना घेऊन स्वतःच्या आईकडे राहायला गेली, तर सीपीएसमध्ये तिचं स्वतंत्र कुटुंब उरत नाही. ती आजीच्या घरातलं उपकुटुंब होते, आणि आजीचा पगार धरून घराचं उत्पन्न बरं दिसतं. तुम्ही फक्त कुटुंबप्रमुख एकल माता निवडल्या असतील तर ती तुमच्या नमुन्यातूनच गेली. जोडीदाराचंही तेच. लग्न न करता सोबत राहणाऱ्या जोडीदारासाठी सीपीएसमध्ये वेगळा पर्याय आला १९९५मध्ये, म्हणजे कायद्याच्या तोंडावर. त्याआधी अशा जोड्या अंदाजाने ओळखाव्या लागतात. १९९० ते २००० अशी सरळ रेघ ओढून 'एकट्या राहणाऱ्या आया' मोजणाऱ्यांपैकी कितींनी या वर्षापाशी थांबून पाहिलं असेल, कोण जाणे. बेघर आणि तुरुंगातले लोक तर घरोघरच्या नमुन्यात येतच नाहीत.

अतिगरिबीचा वाद या सगळ्याचं फळ आहे असं मला वाटतं. कॅथरिन एडिन आणि ल्यूक शेफर या संशोधकांनी सिपवरून हिशेब मांडला की २०११मध्ये मुलं असलेली सुमारे १५ लाख घरं माणशी दिवसाला २ डॉलरहून कमी रोख उत्पन्नावर होती, आणि सुधारणेनंतर हा आकडा फार वाढला आहे. २०१९मध्ये मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच सर्वेक्षण कर, वेतन आणि मदतीच्या कार्यालयीन नोंदींशी जोडलं. सर्वेक्षणात अशी अतिगरीब दिसणारी, मुलं असलेली-नसलेली धरून, एकूण ३६ लाख घरं होती. वस्तुरूप मदत, नोंदींतली कमाई आणि मालमत्ता धरल्यावर त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक अतिगरीब ठरत नव्हती. सुधारणेच्या विरोधकांनी हे मनाला लावून घेतलं, समर्थकांनी विजय साजरा केला. दोन्ही प्रतिक्रिया मला उतावळ्या वाटतात. एडिन आणि शेफर ज्यांच्या घरी बसून आले ती कुटुंबं खरी होती. शंका होती ती अशी किती आहेत याबद्दल, आणि 'किती' हे सांगण्याचं काम सर्वेक्षणाकडे दिलं होतं. शिवाय ९० टक्के वगळल्यावर जे उरतात तेही हजारोंनी आहेत. आणि लपवलेल्या कमाईची गोष्ट एडिन यांनीच आधी दाखवलेली होती. लॉरा लाइन यांच्यासह त्यांनी चार शहरांतल्या ३७९ एकल मातांशी सविस्तर बोलून काढलं की मदतीच्या चेकवर जवळजवळ कुणाचंच घर भागत नाही, आणि न सांगितलेलं काम, नातेवाईक, मुलांचे वडील यांच्या पैशातून महिना निघतो. सांगितलं तर चेक कापला जातो, मग कोण सांगेल?

म्हणून खर्चाच्या सर्वेक्षणाकडे वळणारे आहेत. मेयर आणि जेम्स सलिव्हन यांना उत्पन्नाच्या तळच्या एकल मातांचं सांगितलेलं उत्पन्न घसरताना दिसलं, पण त्यांचा उपभोग तसा घसरलेला दिसला नाही. मला हा मार्ग जास्त विश्वासाचा वाटतो, पण एका अटीवर. कामाला लागलेल्या आईचा पाळणाघरावरचा आणि येण्याजाण्याचा खर्च वाढतो. खर्च वाढला म्हणजे ती सुखात आहे असं लिहू नका. आणि खर्चाच्या सर्वेक्षणाचा नमुना लहान असतो, राज्याराज्यांत वाटला की हातात काही राहत नाही. सीपीएसची सुमारे ६०,००० घरं भरपूर वाटतात, पण लहान राज्यातल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या एकल माता वेगळ्या काढा. मूठभर ओळी उरतील, आणि त्यांवर तुमचा राज्य-वर्ष गुणांक उभा असेल.

सरासरीच्या मोहाबद्दल एकच उदाहरण. कनेक्टिकट राज्याच्या 'जॉब्स फर्स्ट' या मुदतबंद मदतीच्या योजनेत कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नवे नियम आणि जुने नियम अशा दोन गटांत वाटली होती. मारियान बिटलर, जोना गेलबाख आणि हिलरी हॉइन्स यांनी सरासरी सोडून उत्पन्नाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर फरक पाहिला, तेव्हा तळाशी परिणाम नाही, मध्ये फायदा, आणि वरच्या भागात मदतीची मुदत संपण्याआधी काहींच्या कमाईत घट, असं चित्र निघालं. सरासरीने यातलं जवळजवळ सगळं झाकलं होतं.

आता माझी मागणी. प्रबंधात पहिल्या तक्त्याच्याही आधी एक तक्ता द्या, हवं तर त्याला शून्य क्रमांक द्या. प्रत्येक वर्षासाठी तुमच्या सर्वेक्षणातून, भारांक लावून, किती कुटुंबांना आणि किती डॉलर मदत मिळाल्याचं दिसतं ते एका स्तंभात. शासनाच्या हिशेबात किती गेली ते शेजारी. लाभार्थी आणि खर्च यांचे प्रशासकीय आकडे जाहीर असतात, त्यामुळे याला कुठली परवानगी लागत नाही, दोन दिवसांचं काम आहे. तिसऱ्या स्तंभात दोहोंचं गुणोत्तर. ते वर्षागणिक घसरत असेल, तर तुमचा मुख्य गुणांक त्या घसरणीने किती हलू शकतो हे काढून दाखवा. भरलेली उत्तरं गाळून तोच तक्ता पुन्हा चालवा. उपकुटुंबं धरून एकदा, न धरता एकदा. नोंदींशी जोडलेली माहिती बहुतेकांना मिळणार नाही हे मला माहीत आहे. ती सुरक्षित केंद्रांत, मंजुरी घेऊन वापरावी लागते. पण ज्यांनी जोडणी केली त्यांची गुणोत्तरं प्रसिद्ध आहेत, त्यांवरून वरची-खालची मर्यादा तरी घालता येते.

मार्गदर्शकांना वेगळं सांगतो. विद्यार्थ्याने हे सगळं केलं की त्याचे तारे पुसले जाण्याची शक्यता मोठी आहे. उत्तर 'उणे ३ ते अधिक ५ टक्के' असं काहीतरी येईल. तेव्हा 'काही निघत नाही, विषय बदल' असं सांगून त्याला परत पाठवू नका. त्या सर्वेक्षणातून एवढंच निघतं हीच त्याची मिळकत आहे, आणि पदवी तिच्यावर मिळायला हवी.

मसुदे यापुढेही आनंदाने वाचीन. फक्त शून्य क्रमांकाचा तक्ता सोबत जोडा. मी आधी तोच उघडणार आहे.

आपला,
एक जुना संख्याशास्त्राचा शिक्षक